पाय ताठतो, पण बिघाड पायात नसतो

मल्टिपल स्क्लेरोसिसचं, म्हणजे एमएसचं, निदान झालं की घरात दोन गोष्टी हमखास येतात: तेलाची बाटली आणि ‘नसा कमजोर झाल्यात, दुसरं काही नाही’ असं ठासून सांगणारा नातेवाईक. दोघांचाही हेतू चांगला असतो.

गैरसमज: स्नायू आखडलेत, जोरात रगडले की मोकळे होतील.

वस्तुस्थिती: एमएसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब करते. त्यामुळे स्नायूला आवर घालणारे मेंदूचे संदेश नीट पोचत नाहीत आणि तो आवळलेलाच राहतो. झटक्यात ताणला तर आणखी अडतो. पायरीवर नुसता चवडा टेकला की टाच थडथड उडू लागते, तीही याचमुळे. म्हणून ताण सावकाश द्यायचा. गुडघा सरळ, टाच तळहातात, पाऊल हळूहळू नडगीकडे वळवायचं आणि अर्धा-एक मिनिट तसंच धरायचं. रोज. फिजिओथेरपिस्टकडून एकदा हात बसवून घ्यावा. हलक्या मालिशीने बरं वाटतं. त्यापलीकडे तिच्याकडून अपेक्षा नको.

गैरसमज: ताठरपणा अचानक वाढला, म्हणजे आजाराचा नवा झटका. स्टेरॉइड घ्या.

वस्तुस्थिती: आधी लघवी तपासा. मूत्रमार्गातला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, बसून बसून झालेली जखम, मांसात रुतलेलं अंगठ्याचं नख, एवढंच काय, आवळलेला पट्टासुद्धा पेटके वाढवतो. संवेदना बधिर झालेला पाय अनेकदा दुखून तक्रार करत नाही, आवळून करतो. संसर्ग असताना स्टेरॉइड दिलं तर तो बळावू शकतो. तापाने किंवा मे महिन्यातल्या उकाड्याने लक्षणं वाढतात, तो बहुधा नवा झटका नसतो. अंग थंडावलं की ती ओसरतात. लक्षण नवंच असेल किंवा दिवसभरानंतरही टिकून असेल, तर मात्र न्यूरॉलॉजिस्टना दाखवा.

गैरसमज: ताठरपणा पूर्ण गेलाच पाहिजे.

वस्तुस्थिती: अशक्त पाय कित्येकदा त्या ताठरपणाच्याच आधारावर उभा असतो. ताठरपणा कमी करणारं बॅक्लोफेन जास्त झालं, तर रात्रीचे पेटके थांबतात आणि सकाळी संडासला जाताना गुडघा दगा देतो. म्हणून डोस थोडा सुरू करून हळूहळू वाढवतात. याच कामाच्या टिझॅनिडिनने गुंगी येते, रक्तदाब उतरतो. ठरावीक स्नायूच त्रास देत असतील, तर बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन साधारण तीन महिने उपयोगी पडतं.

गैरसमज: मुंग्या, जळजळ? बी-१२ ची इंजेक्शनं घ्या.

वस्तुस्थिती: बी-१२ तपासायला हवंच, कारण त्याच्या कमतरतेनेही मज्जारज्जू बिघडतो. पण ते पुरेसं असेल, तर इंजेक्शनांनी एमएसची जळजळ थांबत नाही. तिच्यासाठी गॅबापेंटिन, प्रीगाबालिनसारखी औषधं असतात. गालात विजेसारखी कळ येत असेल, तर दाढ उपटण्याआधी दंतवैद्याला एमएस असल्याचं जरूर सांगा.

गैरसमज: बरं वाटतंय, गोळ्या बंद.

वस्तुस्थिती: हा सगळ्यात धोकादायक. बॅक्लोफेन एकदम थांबवलं, तर ताठरपणा उसळतो, भास होतात, तीव्र ताप आणि फिट्सही येऊ शकतात. कमी करायचं ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, टप्प्याटप्प्यानेच. गावाला निघताना गोळ्या मोजून घ्या, चार दिवसांच्या जास्तच ठेवा.