माळरानाचा जमाखर्च

बांधकामामुळे जीवसृष्टीचे जेवढे नुकसान होईल, त्याहून अधिक भर विकासकाने घालून द्यायची, हे जैवविविधतेच्या निव्वळ वाढीचे तत्त्व. इंग्लंडने २०२१ च्या पर्यावरण कायद्यात ते आणले आणि १२ फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या बांधकामांना ते बंधनकारक झाले. वाढ किमान १० टक्के हवी आणि ती ३० वर्षे टिकवायला हवी. भारतात असा सर्वसाधारण नियम नाही. वनजमीन वळवली तर पर्यायी वनीकरण करावे लागते. महाराष्ट्राच्या नागरी भागांत जुने झाड तोडले, तर २०२१ च्या दुरुस्तीनुसार त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावावी लागतात. दोन्हीकडे मोजणी झाडांचीच होते. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात या मोजणीची सुरुवातच चुकते, कारण इथल्या माळाचे खरे धन गवत आहे.

नदीकाठची काळी रानं उसाखाली गेली; मुरमाड माळ उरला, तो चराईला. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा त्याच्या ८,४९६ चौरस किलोमीटरच्या विस्तारात करमाळा, मोहोळ, उत्तर सोलापूर यांच्याबरोबर माढाही होता. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. अभयारण्याची हद्द आकसली, म्हणून हद्दीबाहेर राहिलेल्या माळावरचे चिंकारा, लांडगे आणि खोकड नाहीसे झाले असे नाही.

अशा माळावर प्लॉट पाडायचे तर पहिले काम पाहणीचे, आणि ती एका फेरीत होत नाही. पावसाळा सरता सरता एक मीटरची चौकट जमिनीवर ठेवून आतले गवत ओळखायचे: पवन्या, मारवेल, कुसळी. फुलोरा असतो तेव्हाच ही ओळख नीट पटते. एप्रिलमध्ये तीच जागा उघडी-बोडकी दिसते आणि कागदावर सहज ‘पडीक’ ठरते. पण त्याच दिवसांत माळटिटवी उघड्या मुरमावर अंडी घालते. त्यांचा रंग मातीखड्यांत इतका मिसळतो की पाऊल पडेपर्यंत ती दिसत नाहीत. म्हणून दुसरी फेरी उन्हाळ्यात घ्यावी लागते.

पुढे आकडेमोड. इंग्लंडच्या पद्धतीत क्षेत्र, अधिवासाचे वैशिष्ट्य आणि त्याची स्थिती यांचा गुणाकार करतात. जागेच्या महत्त्वाचाही गुणक असतो. उदाहरणार्थ, २ हेक्टर गवताळ जमीन, वैशिष्ट्य ४, स्थिती २ आणि जागेचा गुणक १ असेल तर १६ एकके होतात. प्रकल्पानंतर किमान १७.६ भरली पाहिजेत. नव्या अधिवासाचे गुण मात्र पूर्ण मिळत नाहीत, कारण तो उभा राहायला वेळ लागतो आणि फसण्याचीही शक्यता असते. सर्वांत मोलाचा नियम असा की मौल्यवान अधिवासाची भरपाई त्याच प्रकारच्या अधिवासाने करायची.

हा नियम सोलापूरच्या माळाला कळीचा आहे. माळढोक अभयारण्यातल्या नान्नजच्या परिसरात वनीकरणासाठी लावलेली गिरिपुष्पाची झाडी माळढोकाच्या उपयोगाची ठरली नाही. त्याला दूरवर नजर पोचेल असे मोकळे रान लागते. माळावर खड्डे घेऊन रोपे लावणे म्हणजे एका नुकसानीवर दुसरे चढवणे. झाडे जगली, तर नुकसान अधिकच पक्के होते.

महाराष्ट्रात गवताची भरपाई गवताने करायला जागा आहे. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात १० टक्के खुली जागा सोडावी लागते. तिथे लॉन आणि शोभेची झाडे न लावता मूळचे गवत राखले, तर थोडी भरपाई जागेवरच होईल. उरलेली गावच्या गायरानात करता येईल. पावसाळ्यात चराईबंदी, बी पडल्यावर कापणी आणि वेड्या बाभळीची उपटणी, एवढ्यानेही गवत सावरू लागते. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिच्याकडे लोकजैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. रेखांकन मंजुरीपूर्वी ही नोंदवही उघडून पाहिली, तर मेंढपाळांना ठाऊक असलेल्या विणीच्या आणि पाणवठ्याच्या जागा नकाशावर येतील.

शेवटचा प्रश्न जबाबदारीचा. प्लॉट विकले की विकासक निघून जातो. गवत पुढेही राखावे लागते. इंग्लंडमध्ये मोठी किंवा प्रकल्पाबाहेरची भरपाई कायदेशीर कराराने बांधतात आणि ठरलेल्या मुदतींनी देखरेखीचे अहवाल घेतात. माढ्यात तसे करायचे तर चराईचे नियम ग्रामसभेत ठरायला हवेत आणि राखणीचा खर्च मंजुरीच्या वेळीच भरून घ्यायला हवा.