उभं पीक विकत घेणारा देश

टोकिओ, ६ एप्रिल २०२५

गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर सांगलीची एक मुलगी काळ्या पेनानं अर्ज लिहीत बसली होती. ‘रिरेकिशो’ म्हणतात त्याला. ठरलेल्या नमुन्याचा दुपानी छापील कागद, कोपऱ्यात चार सेंटिमीटर उंच आणि तीन सेंटिमीटर रुंद फोटो, खाली शिक्षण, परीक्षा, छंद, आणि ‘याच कंपनीत का यायचं आहे’ हे लिहायला एक चौकट. चौथ्या ओळीत एका कांजी अक्षराची रेघ चुकली. मी सवयीनं व्हाइटनर आणायला उठले, तर ती म्हणाली, “काकू, नाही चालत. पहिल्यापासून लिहायला लागतो.” ती तिसरी प्रत होती. पाचवी पुरी झाली तेव्हा बाहेर दिवे लागले होते.

बहुतेक कंपन्या आता अर्ज ऑनलाइनच घेतात. पण ती जिथे अर्ज करत होती ती यंत्रांचे सुटे भाग बनवणारी मध्यम आकाराची कंपनी होती, आणि त्या कंपनीला हाताने लिहिलेला कागद हवा होता. ती मुलगी इथे एम.एस. करत होती. मी राहते तो निशी-कासाईचा भाग भारतीयांनी भरलेला आहे. पूर्वी इथे येणारी मराठी माणसं बहुतेक करून पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांनी पाठवलेली, म्हणजे नोकरी घेऊनच विमानात बसलेली असत. हल्ली शिकायला येऊन इथेच नोकरी शोधणारी मुलं दरवर्षी भेटतात. ती हुशार असतात, कष्टाळू असतात, आणि तरीही त्यांतली बरीच अडकतात. का अडकतात, ते तिकडच्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना कळावं म्हणून हे पत्र.

जपानमध्ये नोकरी शोधण्याला ऋतू आहे. त्याला ‘शूकात्सु’ म्हणतात. शैक्षणिक वर्ष मार्चअखेर संपतं आणि १ एप्रिलला देशभरातल्या कंपन्यांत नव्या मुलांचा प्रवेश-समारंभ होतो. तिथपर्यंतच्या तारखा सरकारनं नेमून दिल्या आहेत. पदवीच्या आधीच्या वर्षी १ मार्चला कंपन्यांनी माहिती द्यायला सुरुवात करायची, १ जूनपासून मुलाखती, १ ऑक्टोबरला ‘नाइतेइ’ म्हणजे नेमणुकीचा अधिकृत शब्द. हे पाळायचं बंधन नाही, ती विनंती आहे. प्रत्यक्षात १ मार्च उजाडतो तेव्हाच अनेक मुलांच्या हातात तोंडी होकार असतो, कारण खरी निवड आदल्या उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपपासून सुरू झालेली असते.

या घाईला इथे ‘आओतागाई’ असा शब्द आहे. आओता म्हणजे हिरवं भातशेत आणि गाई म्हणजे खरेदी. लोंब्या पिकायच्या आधी व्यापाऱ्यानं उभं पीक विकत घ्यावं, तसं कंपन्यांनी मुलांना शिक्षण पुरं व्हायच्या आधीच उचलायचं. सत्तर वर्षांपूर्वीही हीच तक्रार होती. विद्यापीठं आणि उद्योग यांनी १९५३ मध्ये तारखांचा करार केला, तो मोडत मोडत १९९७ मध्ये संपला. मग उद्योगांच्या महासंघानं, केइदानरेननं, आपले नियम केले आणि २०१८ मध्ये तेही सोडून दिले. तेव्हापासून तारखा सरकार सांगतं. शेत मात्र हिरवं असतानाच विकलं जातं.

यातली एक गोष्ट मला मनापासून आवडते. इथे कंपनीनं होकार दिला की तो पाळावा लागतो. १९६९ साली एका मोठ्या छपाई कंपनीनं, पदवी हातात पडायला महिना-दोन महिने उरले असताना, एका विद्यार्थ्याचा नाइतेइ रद्द केला. कारण काय, तर मुलगा उदासवाणा वाटला. कंपनीला आधीही तो तसा वाटला होता, पण पुढे मत बदलेल असं वाटलं होतं, ते बदललं नाही. मुलानं तोवर दुसऱ्या कंपनीकडून माघार घेतली होती. तो कोर्टात गेला. दहा वर्षांनी, १९७९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की नाइतेइ दिला तेव्हाच नोकरीचा करार झाला, आणि असल्या कारणानं तो मोडता येणार नाही. आपल्याकडे कॅम्पसमधून निवड झालेली मुलं ऑफर लेटर हातात धरून रुजू होण्याच्या तारखेची महिनोन्‌महिने वाट पाहतात. त्यांच्या घरांत काय चालतं हे मी नात्यात पाहिलं आहे. म्हणून हा निकाल मी इथे आलेल्या प्रत्येक मुलाला सांगते.

दुसरी बाजू तितकीच कठोर आहे. ऋतू चुकला की चुकला. इथली कंपनी ‘शिनसोत्सु’, म्हणजे नवपदवीधर, मागते. तो कोरा असावा, आपण शिकवू तसा घडावा, ही अपेक्षा. पदवी घेऊन एक वर्ष गेलं की तो शिक्का जायचा. त्यामुळे नोकरी न मिळालेली मुलं मुद्दाम नापास होऊन, पुन्हा वर्षाची फी भरून, विद्यापीठात राहायची. २०१० मध्ये सरकारनं कंपन्यांना सांगितलं की पदवीनंतर तीन वर्षांपर्यंतच्या मुलांनाही नवपदवीधर धरा. पुष्कळ कंपन्या आता तसं धरतात. जुनी सवय मात्र अजून पुरती गेलेली नाही.

या सवयीचा मार एका अख्ख्या पिढीनं खाल्ला. अर्थव्यवस्थेचा फुगा फुटल्यावर साधारण १९९३ ते २००४ या काळात जी मुलं पदवीधर झाली त्यांना इथे ‘हिमयुगाची पिढी’ म्हणतात. मार्च २००० मध्ये बाहेर पडलेल्या मुलांसाठी शंभर इच्छुकांमागे नव्याण्णवच जागा होत्या. ज्यांना त्या वर्षी जागा मिळाली नाही ती कंत्राटी कामात गेली, आणि पुढच्या वर्षी कंपन्यांनी पुढच्या वर्षीची कोरी मुलं घेतली. २०१९ मध्ये ताकाराझुका शहराच्या पालिकेनं खास या पिढीसाठी तीन जागांची जाहिरात दिली. अर्ज आले अठराशेच्या वर. चाळिशीच्या आसपासची ती माणसं परीक्षेला बसली होती. आज चित्र उलटं आहे: २०२४ च्या एप्रिलमध्ये नोकरी करू इच्छिणाऱ्या नव्या पदवीधरांपैकी ९८.१ टक्के कामाला लागले होते. २००० सालची मुलं कमी शिकलेली नव्हती आणि आजची जास्त शहाणी नाहीत. जन्माचं साल वेगळं, एवढंच. नकार येऊन खचलेल्या मुलाशी बोलताना मी हे आकडे आधी सांगते.

नकार तर येतातच, आणि ते फार गोड भाषेत येतात. पत्राच्या शेवटी ठरलेलं वाक्य असतं: तुमच्या पुढच्या यशासाठी आम्ही प्रार्थना करतो. मुलांनी त्याला ‘प्रार्थनेची मेल’ असं नाव ठेवलं आहे आणि ‘आज माझ्यासाठी दोन कंपन्यांनी प्रार्थना केली’ असं ती एकमेकांना सांगतात. सांगलीच्या मुलीकडे जूनअखेर अशा एकवीस मेल जमल्या होत्या. त्या दिवसांत ती आमच्याकडे जेवायला आली की गप्प गप्प असे. इथल्या पोलिसांच्या आत्महत्यांच्या नोंदींत ‘नोकरी न मिळणं’ हे कारण वेगळं नोंदवलं जातं, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी तिला रोज जेवायला बोलवायला लागले.

मग एक गोष्ट घडली. जवळजवळ प्रत्येक कंपनी इथे एक प्रश्न विचारते, त्याचं लघुनाम ‘गाकुचिका’: विद्यार्थिदशेत तुम्ही मन लावून काय केलंत? ही मुलगी दर वेळी सांगलीतल्या कॉलेजचा बी.ई.चा प्रोजेक्ट सांगायची, गुण सांगायची, मिळालेलं बक्षीस सांगायची. मुलाखत घेणारे मान डोलवायचे आणि चार दिवसांनी प्रार्थना करायचे. विद्यापीठाच्या करिअर केंद्रातल्या बाईंनी तिला विचारलं, “तुमचे बाकीचे तास कुठे जातात?” ती संकोचून म्हणाली, कोंबिनीत. म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, गल्ल्यावर. हे तिनं घरीही नीट सांगितलं नव्हतं. इंजिनिअर मुलगी दुकानात गल्ल्यावर उभी राहते हे आईला कसं सांगायचं!

बाईंनी खोदून विचारलं तेव्हा निघालं ते असं. त्या दुकानात नेपाळची आणि व्हिएतनामची नवी मुलं यायची आणि पहिल्या आठवड्यातच सोडून जायची. काम जड नव्हतं. गल्ल्यावर बोलायची आदरार्थी जपानी त्यांना जमत नव्हती आणि गिऱ्हाईक वैतागलं की ती घाबरत. हिनं पोस्टकार्डाच्या आकाराची चौदा कार्डं केली. पार्सल पाठवायला आलेला माणूस, वीजबिल भरायला आलेला माणूस, जेवणाचा डबा गरम करून मागणारा माणूस; प्रत्येकासाठी तीन वाक्यं, कांजीवर लहान अक्षरांत उच्चार. ती कार्डं तिनं गल्ल्याच्या आतल्या बाजूला, गिऱ्हाइकाला दिसणार नाहीत अशी चिकटवली. एक कार्ड तिनं मला दाखवलं होतं. हाताळून कडा मऊ झाल्या होत्या आणि कोपऱ्यात कुणीतरी देवनागरीत नेपाळी अर्थ लिहिला होता.

जुलैमध्ये त्याच सुट्या भागांच्या कंपनीत तिची दुसरी मुलाखत झाली. दारावर तीन टकटक, आतून ‘दोझो’, म्हणजे ‘या’, असं आल्यावरच प्रवेश, खुर्चीशेजारी उभं राहून विद्यापीठाचं आणि स्वतःचं नाव, बसा म्हटल्यावर बसणं, काळी बॅग जमिनीवर पायाशी. सगळे सोपस्कार झाले. मग तिनं कार्डांची गोष्ट सांगितली. त्यांनी विचारलं, चौदाच का? मालकाला आधी विचारलं होतं का? कुठलं कार्ड फसलं? फसल्यावर काय केलं? एका उत्तरातून पुढचा ‘का’ काढत जाण्याला इथे ‘खोल खणणं’ म्हणतात. प्रोजेक्टवर असं खणलं की ती दुसऱ्या प्रश्नाला अडायची, कारण निम्मं काम गटातल्या दुसऱ्यांचं होतं. कार्डांवर ती पंचवीस मिनिटं बोलली. ती कशी काम करते, चुकल्यावर काय करते आणि शेजारच्याकडे तिचं लक्ष असतं का, हे त्यांना पाहायचं होतं. आपल्या मुलांना पॅकेज आणि टक्के यांत बोलायची सवय आम्हीच लावली आहे, हे मला त्या दिवशी फार लागलं.

आता इथे यायचा विचार करणाऱ्यांसाठी काही रोखठोक.

मोठ्या नावांच्या मागे सगळे लागतात. रिक्रूट वर्क्स संस्थेच्या पाहणीप्रमाणे २०२५ च्या पदवीधरांसाठी ५,००० च्या वर माणसं असलेल्या कंपन्यांत शंभर इच्छुकांमागे चौतीस जागा होत्या. तीनशेच्या आतल्या कंपन्यांत एका इच्छुकामागे साडेसहा! सांगलीच्या मुलीनं पहिले तीन महिने मोटारी आणि टीव्हीमुळे आपल्याला माहीत असलेल्या कंपन्यांवरच घालवले.

पूर्ण इंग्रजीत शिकवणारे अभ्यासक्रम इथे आहेत आणि चांगले आहेत, पण त्यांत सर्वांत जास्त मुलं फसतात. दोन वर्षं इंग्रजीत जातात, आणि मुलाखत जपानीत असते. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-२ पातळी बहुतेक ठिकाणी किमान धरली जाते. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटपासून जपानी शिकायच्या इतक्या सोयी आहेत की निघण्यापूर्वी निदान त्याखालची एन-३ करून यावं. एप्रिलमध्ये एम.एस.ला दाखल झालात तर पुढच्या मार्चमध्ये भरतीचा ऋतू सुरू होतो, म्हणजे हाती उरतात अकरा महिने. आधी स्थिरस्थावर होऊ, मग बघू, या विचारात पहिला उन्हाळा जातो आणि इंटर्नशिपही जाते.

अर्धवेळ कामातून सगळा खर्च निघेल असं सांगणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. विद्यार्थी व्हिसावर, तेही परवानगी काढून, लांब सुट्ट्या सोडल्या तर आठवड्याला २८ तासच काम करता येतं. टोकिओत किमान वेतन ऑक्टोबर २०२४ मध्ये तासाला १,१६३ येन झालं. त्या दरानं चार आठवड्यांचा हिशेब एक लाख तीस हजार येनच्या आसपास जातो, आणि त्यातून भाडं, जेवण आणि फी ही तिन्ही निघत नाहीत. तास चोरून वाढवले तर पुढे नोकरीचा व्हिसा मागताना ते बाहेर येतं. पदवीपर्यंत नोकरी मिळाली नाही तर विद्यापीठाच्या शिफारशीवर सहा महिन्यांचा व्हिसा मिळतो, तो एकदा वाढवून वर्षभर शोध चालू ठेवता येतो. ती शिफारस मागायला मुलांना लाज वाटते. ती वेळेवर मागावी. सरकारी ‘हॅलो वर्क’ कार्यालयांत नव्या पदवीधरांसाठी वेगळी दालनं आहेत, टोकिओ, नागोया आणि ओसाकात परदेशी मुलांसाठी केंद्रं आहेत, आणि कुठेही एक येन पडत नाही.

सांगलीच्या मुलीला सप्टेंबरात होकार आला, १ ऑक्टोबरला कागद मिळाला, आणि गेल्या मंगळवारी ती काळ्या सुटात प्रवेश-समारंभाला गेली. पगार महिन्याला साधारण सव्वादोन लाख येन. काम कुठलं, गाव कुठलं, हे तिला अजून माहीत नाही. इथे कंपनी आधी माणूस घेते आणि प्रशिक्षण संपल्यावर खातं नेमून देते. मुलं त्याला ‘गाचा’ म्हणतात, नाणं टाकल्यावर कुठलंही खेळणं हातात येणाऱ्या यंत्रासारखं. काल रात्री तिच्या आईचा सांगलीहून फोन आला होता. “ताई, तिला तुमच्या जवळपासच ठेवतील ना?” मी म्हटलं, वहिनी, कंपनीचा एक कारखाना क्यूशू बेटावर आहे, एक इथून तासाभरावर. जूनमध्ये कळेल. थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, तिकडे थंडी किती असते.