ओलं जेल आणि नखाच्या कडेची कातडी

दिव्याखालून हात बाहेर आला की जेल पॉलिश कडक झालेलं असतं, तरी वरून बोट फिरवलं तर किंचित चिकट लागतं. पार्लरमधली ताई स्पिरिटच्या बोळ्याने तो चिकटा पुसते आणि मग नखं चकाकतात. जेलचा त्रास कुठून सुरू होतो ते या चिकट्यावरून नीट समजतं.

साधं नेलपॉलिश वाळतं म्हणजे त्यातला पातळ द्राव उडून जातो आणि नायट्रोसेल्युलोजचा पापुद्रा उरतो. जेल असं वाळत नाही. बाटलीत त्याचे सुटे, बारीक रेणू असतात, बहुतेकदा ‘हेमा’ नावाचं मेथाक्रिलेट. दिव्याचा अतिनील किंवा जांभळा प्रकाश पडला की जेलमधला प्रकाशाने जागा होणारा घटक फुटतो आणि हे रेणू एकमेकांना जोडत लांबलचक साखळ्या तयार होतात. पृष्ठभागावर मात्र हवेतला ऑक्सिजन ही जोडणी अडवतो, म्हणून तिथे थोडं जेल कच्चं राहतं.

जुळलेली साखळी कातडीत शिरण्याइतकी लहान नसते. सुट्या हेमाचा रेणूभार मात्र जेमतेम १३०, आणि साधारण ५०० च्या खालचे रेणू कातडीत सहज उतरतात. तिथे ते प्रथिनांना चिकटतात आणि शरीर त्यांना परकं म्हणून ओळखून ठेवतं. महिनोन्‌महिने काही होत नाही. मग एकदा जेल लावल्यावर एक-दोन दिवसांनी बोटांची टोकं खाजतात, भेगाळतात, कधी नख खालून सुटतं. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं, पण ही ॲलर्जी सहसा जन्मभर राहते. दातात भरायच्या सिमेंटमध्ये आणि गुडघा बदलताना हाडाला लावायच्या सिमेंटमध्येही याच कुळातली रसायनं असतात. त्यामुळे हौसेपायी जडलेली ॲलर्जी पुढे उपचाराच्या आड येऊ शकते.

म्हणून जेल कातडीपासून केसभर लांब ठेवायचं. कडेला ओघळलंच तर दिव्याखाली हात घालण्याआधी काडीने पुसायचं, बोटाने नाही. थर पातळ हवा आणि दिवा त्याच जेलसाठी सांगितलेला हवा, नाहीतर वरून कडक दिसणारं जेल आत कच्चं राहतं.

सगळ्यात जास्त काळजी मला पार्लरमधल्या मुलींची वाटते. दिवसभर ओलं जेल त्यांच्याच हाताशी असतं, आणि लॅटेक्सच्या हातमोज्यातून हे रेणू काही मिनिटांत पार होतात. नायट्राइलचे मोजे बरे, पण तेही वारंवार बदलावे लागतात. युरोपीय संघाने २०२० मध्ये नियम केला की हेमा असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिकांनी वापरावीत आणि त्यांवर ॲलर्जीचा इशारा छापावा. सप्टेंबर २०२५ पासून तिथे ‘टीपीओ’ हा प्रकाशाने फुटणारा घटकही बंद झाला. त्याचं कारण वेगळं, प्रजननक्षमतेला असलेला धोका.

बाटलीवर ‘हेमा-फ्री’ लिहिलेलं असलं तरी आतली यादी वाचा. हेमाच्या जागी त्याचंच एखादं भावंड घातलेलं असतं, आणि एकाची ॲलर्जी असलेल्या कातडीला दुसरंही अनेकदा सोसत नाही.