वायू विपुल, तारे विरळ

वैशाखाच्या अखेरीस ठाणे-कल्याणच्या हवेत बाष्पाला तोटा नसतो. तरीही पाऊस पडत नाही. त्यासाठी बाष्पाने थंड होऊन घनीभूत व्हावे लागते. काही दीर्घिकांची स्थिती अशीच आहे. ताऱ्यांचे मूलद्रव्य जो हायड्रोजन वायू, तो त्यांच्यापाशी विपुल. तारे मात्र विरळ.

हा थंड वायू डोळ्यांना दिसत नाही. परंतु हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरी उत्सर्जित करतो. १९५१ साली त्या प्रथम टिपल्या गेल्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची पहिली रेडिओ दुर्बीण १९६५ साली कल्याण येथेच उभी राहिली, हे येथील वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ऑस्ट्रेलियाकडून भेटीदाखल आलेल्या सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्या गोविंद स्वरूप व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे मांडल्या. तिचा विषय होता सूर्य; दीर्घिकांतील क्षीण वायू तिच्या आवाक्यात नव्हता. तो टप्पा गाठला स्वरूप यांच्याच नेतृत्वाखाली पुढे नारायणगावजवळ खोडद येथे उभारलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांच्या महादुर्बिणीने.

खोडदच्या निरीक्षणांवरून बेगम, चेंगलूर व कराचेंत्सेव यांनी २००५ साली एनजीसी ३७४१ या लहान दीर्घिकेचे वर्णन प्रसिद्ध केले. सुमारे एक कोटी प्रकाशवर्षांवरील या दीर्घिकेची वायूची तबकडी तिच्या दृश्य भागाच्या आठ पटींहून अधिक दूर पसरली आहे, आणि वायूचे वस्तुमान ताऱ्यांच्या कित्येक पट आहे.

मग तारे का जन्मत नाहीत? पहिले कारण विरळपणा. वायू इतका पसरलेला असतो की त्याचा दाब व परिभ्रमण यांवर गुरुत्वाकर्षणाला मात करता येत नाही. दुसरे कारण जड मूलद्रव्यांची व धुळीची उणीव. जड मूलद्रव्ये वायूतील उष्णता बाहेर टाकतात, आणि धूलिकणांच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे अणू जुळून रेणू बनतात. ही साधने तुटपुंजी असली, की ज्यांत तारे जन्मतात ते थंड, दाट रेणुमेघ सहसा तयार होत नाहीत.

सारांश, वायू किती आहे यापेक्षा तो कोणत्या अवस्थेत आहे, हा खरा प्रश्न होय. विश्वाच्या आरंभीच्या दीर्घिकांतही जड मूलद्रव्ये अत्यल्पच होती. म्हणूनच या निकटच्या, मंद दीर्घिकांच्या अभ्यासाने त्या दूरच्या काळावरही प्रकाश पडतो.