‘एज ऑफ अल्ट्रॉन’: शेतघर आणि गुहा

2015च्या उन्हाळ्यात ‘अ‍ॅव्हेंजर्स: एज ऑफ अल्ट्रॉन’ आला आणि त्याने जगभरातून सुमारे 140 कोटी डॉलरचा गल्ला जमवला. एवढी कमाई करणाऱ्या चित्रपटाला पडेल म्हणण्याची कुणाची छाती होणार नाही. तरीही मार्व्हलच्या चाहत्यांत या चित्रपटाचा विषय निघाला की आजही दोन तट पडतात. एकाला तो भरकटलेला, हातचा घालवलेला चित्रपट वाटतो. दुसऱ्याला पुढच्या सगळ्या डोलाऱ्याचा पाया त्यातच दिसतो. गंमत अशी की दोघांनाही पुरावे याच चित्रपटात सापडतात.

भांडणाचं मूळ 2012 सालात आहे. त्याआधीच्या पाच चित्रपटांतून ओळख करून दिलेल्या नायकांना दिग्दर्शक जॉस व्हीडनने ‘द अ‍ॅव्हेंजर्स’मध्ये एकत्र आणलं. एरवी आपापल्या गावचे राजे असलेले हे लोक एकाच चौकटीत उभे राहून एकमेकांना टोमणे मारतात, यातच प्रेक्षकांचे पैसे वसूल झाले. पण अशी पहिली भेट एकदाच होते. दुसऱ्या वेळी तोच आनंद द्यायचा तर त्याला काही वेगळं कारण लागणार होतं.

ते कारण ट्रेलरने पुरवलं. ऑक्टोबर 2014मध्ये तो ठरल्या वेळेआधीच फुटला, आणि मार्व्हलने आपल्याच गोष्टीतल्या हायड्रा या दुष्ट संघटनेच्या नावाने बोटं मोडत तो अधिकृतपणे प्रसिद्ध करून टाकला. ‘पिनोकियो’तलं लहान मुलांचं गाणं भेसूर चालीत वाजतंय, जेम्स स्पेडरचा खर्जातला आवाज येतोय, शहरं कोसळताहेत. हे पाहून लोकांनी मनाशी बांधलेला चित्रपट काळाकुट्ट होता. भारतात 24 एप्रिलला आणि अमेरिकेत 1 मेला जो पडद्यावर आला, त्यातला यंत्रमानव खलनायक अल्ट्रॉन मात्र माणसं मारता मारता विनोद करत होता.

पहिली फूट इथे पडली. ज्यांना थरकाप हवा होता, त्यांना हा खलनायक पोकळ वाटला. दुसऱ्यांचं म्हणणं, अल्ट्रॉन हे नायकांपैकीच एक असलेल्या टोनी स्टार्कचंच अपत्य. बापाची जीभ आणि बापाचा अहंकार त्याच्याकडे येणारच. कॉमिक्स वाचणाऱ्यांची तक्रार आणखी वेगळी होती. 1968मध्ये कॉमिक्समध्ये अवतरलेल्या अल्ट्रॉनचा निर्माता हँक पिम. चित्रपटात ते काम स्टार्क आणि त्याचा संघातला सहकारी ब्रूस बॅनर यांच्याकडे गेलं. 2013च्या ज्या कॉमिक मालिकेवरून चित्रपटाचं नाव घेतलं, तिच्यातलं नावापलीकडे फारसं काही घेतलंच नाही. तरी माझ्या मते पटकथेतला हा बदल योग्यच होता. भीतीपोटी जगाभोवती चिलखत घालायला गेलेला स्टार्क स्वतःच संकट जन्माला घालतो, हा चित्रपटाचा सर्वांत भक्कम धागा आहे.

दुसरी फूट संघातल्या नताशा रोमानॉफवरून पडली आणि ती जास्त कडवट होती. सहकारी क्लिंट बार्टनच्या शेतघरात नताशा बॅनरला सांगते, की हेर म्हणून घडवताना आपल्याला वंध्य केलं गेलं. आणि बोलता बोलता स्वतःला राक्षस म्हणवून घेते. मूल होऊ न शकणारी बाई म्हणजे राक्षस, असा त्याचा अर्थ घेऊन अनेक जणी संतापल्या. ती मारेकरी बनवल्या गेल्याबद्दल बोलते आहे, मुलाबद्दल नव्हे, असं दुसऱ्यांनी बजावलं. दुसरा अर्थच लेखकाला अभिप्रेत असावा. पण दोन वाक्यं इतकी चिकटून लिहिली, की पहिला अर्थ काढणाऱ्यांना दोष देता येत नाही. शिवाय मूळ संघात ती एकटी बाई. तोवर तिच्या नावाचा चित्रपट नव्हता. पडद्यावर तिने केलेली मोटारसायकलची कसरत खेळण्यांच्या खोक्यात दुसऱ्याच नायकाच्या नावावर गेलेली. राग साठलेला होता, त्याला या प्रसंगाने तोंड फुटलं. त्याच दिवसांत व्हीडनने ट्विटर सोडलं, तेव्हा टीकेला कंटाळून सोडल्याची बोलवा झाली. त्याने ती नाकारली आणि निवांतपणा हवा होता म्हणून सांगितलं.

याहून महत्त्वाचं जे त्याने सांगितलं, ते एका मुलाखतीत. शेतघराचा प्रसंग आणि नायकांना पडणारे भास स्टुडिओतल्या वरिष्ठांना नको होते. त्यांना हवी होती थॉरची गुहा. तिथल्या पाण्यात उतरून थॉर इन्फिनिटी स्टोन्स या शक्तिशाली खड्यांची दृश्यं पाहतो आणि पुढच्या चित्रपटांची तयारी होते. गुहा ठेव, नाहीतर शेतघर कापू, असा तो सौदा होता, असं व्हीडनचं म्हणणं. शेवटी दोन्ही राहिलं, पण गुहेचा प्रसंग इतका तुटक झाला, की थॉर तिथे का गेला हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला उमगत नाही.

चाहत्यांमधल्या भांडणाची किल्ली मला या दोन प्रसंगांत दिसते. शेतघर या चित्रपटाचं आहे. दमलेली, एकमेकांवरचा विश्वास उडालेली माणसं तिथे लाकडं फोडतात, भांडतात, आणि आपण कशासाठी लढतो ते त्यांना एका साध्या घरात दिसतं. गुहा पुढच्या चित्रपटांची आहे. ज्यांनी तिकीट काढून एक पुरती गोष्ट मागितली, त्यांना गुहेसारखे तुकडे नमनाच्या घडाभर तेलासारखे वाटले. ज्यांनी मालिकेतला एक भाग पाहिला, त्यांना तेच तुकडे म्हणजे पुढच्या मेजवानीची वर्दी वाटली.

पुढच्या वर्षांनी या दुसऱ्या गटाचं पारडं जड केलं. 2016च्या ‘सिव्हिल वॉर’मधला नायकांवर बंधनं घालणारा करार ‘अल्ट्रॉन’च्या शेवटी सोकोव्हिया या देशात झालेल्या विध्वंसातून आला, आणि त्यातला सूडाने पेटलेला झीमो तिथेच आपलं कुटुंब गमावून बसला होता. याच चित्रपटात जन्मलेल्या व्हिजनच्या कपाळावरचा खडा 2018च्या ‘इन्फिनिटी वॉर’चा कळीचा मुद्दा ठरला. ‘अल्ट्रॉन’मधल्या पार्टीत स्टीव्ह रॉजर्सकडून थॉरचा हातोडा केसभर हलतो. 2019च्या ‘एंडगेम’मध्ये तो उचलला गेला, तेव्हा थिएटरं शिट्ट्यांनी दणाणली. 2021च्या ‘वांडाव्हिजन’ या मालिकेने ‘अल्ट्रॉन’मध्ये संघात आलेल्या वांडाच्या दुःखाला पहिल्यांदा पुरेशी जागा दिली. आणि सोकोव्हियात नायक मारामारीपेक्षा माणसं वाचवण्यात जास्त वेळ घालवतात, याचं मोलही लोकांना उशिरा कळलं. ‘अल्ट्रॉन’च्या दोनच वर्षं आधी ‘मॅन ऑफ स्टील’मधल्या बेफिकीर पडझडीवर मोठी टीका झाली होती.

पडद्यामागेही बरंच बदललं. 2015 संपण्याआधी मार्व्हल स्टुडिओचा प्रमुख केव्हिन फायगी थेट डिस्नेच्या चित्रपट विभागाला उत्तरदायी झाला आणि मधल्या हस्तक्षेपाची साखळी तुटली. पुढचे दोन अ‍ॅव्हेंजर्स चित्रपट दिग्दर्शक रुसो बंधूंकडे गेले. व्हीडनवर 2020पासून कलाकारांनी वाईट वागणुकीचे आरोप केले. त्यांतले काही त्याने नाकारले. पण त्यानंतर नताशाचा तो प्रसंग पुन्हा पाहणाऱ्यांची नजर आणखी कडक झाली. तिच्या नावाचा चित्रपट अखेर 2021मध्ये आला, तोही ‘एंडगेम’मध्ये तिचा मृत्यू दाखवून झाल्यावर.

मग निकाल काय? नंतरच्या चित्रपटांनी ‘अल्ट्रॉन’ची उधारी फेडली, हे खरं. पण ती फेडणाऱ्याच्या खात्यावर मांडायला हवी. ‘एंडगेम’मधला हातोडा पाहून पार्टीचा प्रसंग अधिक गोड लागतो, गुहेचा प्रसंग मात्र पुढे काय होणार ते ठाऊक असूनही तुटकच राहतो. नताशा आणि बॅनरचं प्रेमही पुढच्या चित्रपटांनी जवळपास वाऱ्यावर सोडलं, त्यामुळे ते इथे जितकं उपरं वाटलं तितकंच राहिलं. म्हणून मी या चित्रपटाला ना वाया गेलेला म्हणेन, ना न कळलेली महान कलाकृती. चांगल्या लेखकाने लिहिलेला आणि वेळापत्रकाने ओढलेला हा चित्रपट आहे. जिथे जिथे तो आपल्या माणसांपाशी थांबतो, तिथे तो 2012च्या चित्रपटाहून सरस आहे. जिथे पुढच्या चित्रपटाची चाकरी करतो, तिथे पडतो. चाहत्यांचे दोन्ही तट बरोबर आहेत, कारण ते दोन वेगवेगळ्या चित्रपटांबद्दल भांडत आहेत आणि स्टुडिओने ते दोन्ही एकाच तिकिटावर विकले.