वरवंटी, तुप्पा आणि कचऱ्याखालची काळी माती

लातूर शहराचा कचरा वरवंटीच्या डेपोवर आणि नांदेडचा तुप्प्याच्या डेपोवर वर्षानुवर्षे पडत आला आहे. देशभरातल्या अशा जुन्या डेपोंबाबत, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वे आणि २०२१ मध्ये सुरू झालेला स्वच्छ भारत अभियानाचा दुसरा टप्पा यांनंतर, साचलेला ढिगारा उकरून, चाळून, वेगवेगळा करून जमीन मोकळी करणे हे नगरप्रशासनाचे एक मोठे उद्दिष्ट ठरले. बायोमायनिंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कामाचा हिशेब किती टन कचरा उचलला आणि किती एकर जागा रिकामी झाली, या दोन आकड्यांत मांडला जातो. ढिगारा किती उरला हे त्यातून समजते. परंतु ज्या जमिनीने इतकी वर्षे कचऱ्यातून पाझरणारे काळे पाणी, म्हणजे लीचेट, शोषले, ती जमीन आता कशी आहे याचे उत्तर त्यात नसते. ते उत्तर केवळ मातीच्या नमुन्यातून मिळते, आणि मराठवाड्याच्या काळ्या मातीत तो नमुना घेणे व त्याचा अर्थ लावणे, दोन्ही वाटते त्याहून अवघड आहे.

मातीपरीक्षण हा शब्द येथील शेतकऱ्याला नवा नाही. २०१५ मध्ये मृद आरोग्य पत्रिका योजना सुरू झाल्यापासून शेतात नागमोडी चालत, व्ही आकाराचे खड्डे घेऊन, साधारण वीतभर खोलीपर्यंतची माती गोळा करून, तिचे चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाकून देत अर्धा किलो नमुना उरवण्याची रीत गावोगावी पोचली आहे. मात्र ही पत्रिका ज्या १२ घटकांची नोंद करते ते सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि पिकाला लागणारी अन्नद्रव्ये आहेत; शिसे, कॅडमियम, पारा यांचा त्यात उल्लेखही नाही. शिवाय ती पद्धत शेताची सरासरी शोधते, तर दूषित जागेच्या तपासणीत सरासरी हीच फसवी ठरते, कारण फुटलेल्या बॅटऱ्या एका कोपऱ्यात पडलेल्या असतात आणि वीस ठिकाणची माती एकत्र कालवली की त्या कोपऱ्यातले शिसे उरलेल्या एकोणीस ठिकाणच्या मातीत विरून जाते. म्हणून येथे प्रत्येक नमुना वेगळा ठेवावा लागतो. जागेवर चौकटींची जाळी आखून प्रत्येक चौकटीतून ठरावीक खोल्यांवर माती घेतली जाते आणि जिथे पूर्वी कचरा जळत होता, जिथे लीचेट साचत होते, अशा जागी जुन्या कामगारांना विचारून जादा नमुने घेतले जातात.

खोलीचा प्रश्न काळ्या मातीत विशेष गुंतागुंतीचा आहे. दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन बनलेल्या या मातीत पाणी शोषून फुगणारी आणि वाळल्यावर आकसणारी चिकणमाती भरपूर असते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्या अनेकदा हातभराहून खोल जातात, पृष्ठभागावरचा भुगा त्यांत पडतो आणि पावसात माती फुगली की तो आतच दाबला जातो. अशी जमीन दरवर्षी स्वतःच खालीवर होत राहते. त्यामुळे वरच्या १५ सेंटीमीटरमध्ये प्रदूषण नाही म्हणून खालीही नसेल, हा तर्क येथे टिकत नाही. मृगाच्या पहिल्या सरींचे पाणी, भेगा मिटण्याआधी, मातीतून न गाळले जाता थेट मुरमापर्यंत उतरते आणि मुरमाखालच्या मांजऱ्या व फुटीर खडकातून विहिरी-बोअरपर्यंत पोचू शकते. भेगा मिटल्यावर हीच माती पाण्याला जवळजवळ अडवून धरते. तिच्या बाजूने सांगण्यासारखी गोष्ट अशी की, तिचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ च्या दरम्यान, म्हणजे विम्लधर्मी असल्याने आणि तिच्या चिकणकणांची धनभारित आयन धरून ठेवण्याची क्षमता मोठी असल्याने शिसे व कॅडमियम तिच्यात घट्ट बसतात. पण क्लोराइड आणि नायट्रेट तिला जुमानत नाहीत, आणि क्रोमियमचे षट्संयुजी हे विषारी रूप तर विम्लधर्मी मातीत अधिकच सुटे होऊन पाण्याबरोबर चालू लागते. म्हणून एकूण क्रोमियम किती, एवढ्यावर न थांबता ते कोणत्या रूपात आहे हेही तपासावे लागते.

खरी अडचण प्रयोगशाळेचा अहवाल हाती आल्यानंतर सुरू होते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत कंपोस्ट खतासाठी ज्या मर्यादा घालून दिल्या होत्या त्यांत एका किलोमागे क्रोमियम ५० मिलिग्रॅम, निकेल ५०, शिसे १०० आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅम असे आकडे होते. डेपोतून चाळून निघालेली माती शेतात किंवा बागेत टाकण्याचा विषय निघाला की स्वाभाविकपणे हेच आकडे पुढे येतात. आता बेसॉल्ट हा खडक मुळातच क्रोमियम, निकेल आणि तांबे यांनी समृद्ध आहे आणि त्यापासून बनलेल्या काळ्या मातीत क्रोमियम अनेकदा ५० च्या वर असते. कॅनडाने शेतजमिनीसाठी तांब्याची मार्गदर्शक मर्यादा ६३ मिलिग्रॅम ठरवली आहे. ती लावली तर लातूर जिल्ह्यातल्या कितीतरी सोयाबीनच्या शेतांना, ज्यांवर कचऱ्याची एक टोपलीही पडलेली नाही, दूषित म्हणावे लागेल. याउलट, इथली माती मुळातच अशी आहे, असे म्हणून अहवाल बाजूला ठेवला तर खरे प्रदूषणही त्याच सबबीखाली सुटून जाईल. यातून वाट काढण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे पार्श्वभूमीचा नमुना: त्याच खडकावरची, त्याच खोलीची, परंतु कचऱ्याचा स्पर्श न झालेली माती घेऊन तिच्याशी तुलना करणे.

हा नमुना कुठून घ्यावा याचा विचार तपासणीतला सर्वांत बुद्धीचा भाग आहे आणि बहुधा तोच सर्वांत घाईने उरकला जातो. तो उताराच्या वरच्या बाजूचा हवा; रस्त्याकडेचा नको, कारण शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० सालापर्यंत जळत होते आणि शिसे मातीतून सहजी जात नाही; शक्यतो पिकाखालचाही नको, कारण स्फुरदयुक्त खतांतून थोडे थोडे कॅडमियम येत असते. गायरान शिल्लक असेल तर ते उत्तम, पण बहुतेक गावांत प्रश्न तिथेच सुरू होतो. नांदेड जिल्ह्यात आणखी एक पेच आहे: शहर आणि पश्चिमेकडचा भाग बेसॉल्टवर असला तरी पूर्वेला देगलूर, बिलोलीकडे ग्रॅनाइट उघडा पडतो, ज्याच्या मातीत क्रोमियम-निकेल कमी असते, तर गोदाकाठची गाळाची माती आणखी निराळी. म्हणजे जिल्ह्यासाठी एकच संदर्भ आकडा चालणार नाही. बेसॉल्टमध्ये शिसे मात्र अत्यल्प असते. त्यामुळे या दोन शहरांच्या डेपोंवर क्रोमियमपेक्षा शिशाचा वाढलेला आकडा माणसाच्या हाताची खूण अधिक स्पष्टपणे दाखवील.

जमीन तपासायची तशी चाळणीतून पडलेली मातीही तपासावी लागते. फिरत्या चाळणीखाली जमणारा हा बारीक भाग जुन्या डेपोत अनेकदा निम्म्याच्या आसपास भरतो आणि कंत्राटाच्या भाषेत त्याला चांगली माती म्हटले जाते. दिल्लीच्या आयआयटीतील संशोधकांनी दिल्लीतील ओखला, हैदराबादजवळील जवाहरनगर आणि आंध्रातील कडप्पा येथील डेपोंतल्या अशा मातीचा अभ्यास केला तेव्हा स्थानिक मातीच्या तुलनेत तिच्यात जड धातू, विद्राव्य क्षार आणि सेंद्रिय पदार्थ वाढलेले आढळले, आणि तिच्यातून झिरपणाऱ्या पाण्याला रंगही होता. क्षारांची ही बाब मराठवाड्यात हलकी समजता येणार नाही; चोपण जमिनीने आधीच गांजलेल्या शेतकऱ्याला फुकट माती म्हणून आणखी क्षार देण्यात शहाणपण नाही.

कायदा या बाबतीत विचित्र जागी उभा आहे. २०१६ च्या नियमांनुसार बंद केलेल्या भरावभूमीवर १५ वर्षांच्या देखरेखीनंतरच वस्तीचा विचार करता येत असे, आणि तोही वायू, लीचेट व जमिनीची स्थिरता तपासून; मातीतल्या धातूंचा तेथे उल्लेख नव्हता. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम आणले, त्यांत १८९ घातक रसायनांच्या तपासणीची तरतूद केली, पण घनकचऱ्याचे डेपो साधारणपणे त्यांच्या कक्षेबाहेर ठेवले. इतर दूषक मिसळून ठरलेली पातळी ओलांडली गेली तरच ते नियम लागू होतात. ती पातळी ओलांडली आहे की नाही, हे मात्र नमुना घेतल्याशिवाय कळणार कसे, याचे उत्तर नियमांना द्यावे लागेल. मुंबईत मालाडच्या जुन्या डेपोवर कार्यालयांच्या इमारती उभ्या राहिल्यावर जमिनीतून येणाऱ्या वायूंनी संगणकांचे भाग गंजू लागले, तेव्हा तपासणीची आठवण झाली. नेदरलँड्समध्ये लेकरकेर्क येथे घरांखाली रसायनांची पिंपे सापडली, १९८० मध्ये वस्ती हलवावी लागली आणि तीन वर्षांत त्या देशाने मातीच्या शुद्धीकरणाचा कायदा केला.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला बोअरच्या पाण्याची किंमत कोणी सांगायला नको. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि परभणीचे कृषी विद्यापीठ या दोन्ही संस्था मराठवाड्यातच आहेत, तेव्हा माती तपासायला विभागाबाहेर जाण्याचीही गरज नाही. मोकळ्या झालेल्या जागेवर उद्यान, क्रीडांगण किंवा घरकुल उभारण्याचा ठराव जेव्हा सभागृहात येईल, तेव्हा नगरसेवकांनी आणि वरवंटी-तुप्प्याच्या ग्रामसभांनी मातीचा अहवाल मागावा, आणि त्यात डेपोच्या आकड्यांशेजारी पार्श्वभूमीच्या नमुन्याचा रकाना नसेल तर तो अहवाल स्वीकारू नये.