उज्जयिनीचा शकार आणि बेटावरचा मोगॅम्बो

खलनायकावर लोभ करणे ही उज्जैनकरांना नवी गोष्ट नाही. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'ची सारी कथा याच नगरीत घडते, आणि गोविंद बल्लाळ देवल यांनी ते नाटक मराठी संगीत रंगभूमीवर आणल्यापासून चारुदत्त व वसंतसेना यांच्याबरोबर राजाचा मेहुणा शकार हाही मराठी घरांच्या परिचयाचा झाला. हा शकार 'स'च्या जागी 'श' उच्चारतो, रामायण आणि महाभारत यांची यथेच्छ भेसळ करतो, आणि रामाच्या भयाने द्रौपदी पळाली असे छातीठोकपणे सांगतो. प्रेक्षक पोट धरधरून हसतात. पुढे हाच विदूषकासारखा माणूस पुष्पकरंडक उद्यानात वसंतसेनेचा गळा दाबतो आणि खुनाचा आळ चारुदत्तावर ढकलतो. हसू मग ओठांवरच विरते.

हे आठवण्याचे कारण असे की, २५ मे १९८७ रोजी प्रदर्शित झालेल्या 'मिस्टर इंडिया' या चित्रपटातील मोगॅम्बोचा लोभ आमच्या घरांतून अद्याप ओसरलेला नाही. चित्रपट लागला तेव्हा जी मुले होती ती आता पन्नाशीकडे झुकली. त्यांची मुले वेषभूषा स्पर्धेला सोनेरी झालरीचा कोट मागतात. नायकाचा वेष कोणी मागत नाही. आणि मागितला तरी आईवडिलांनी द्यावा काय? तो बिचारा अर्धा वेळ दिसतच नाही.

आम्हांस वाटते, या चित्रपटाच्या मोहिनीचे मर्म येथेच आहे. अदृश्य माणसाची कल्पना मुळात एच. जी. वेल्स यांची, त्यांची कादंबरी १८९७ सालची. वेल्सचा अदृश्य पुरुष हा शास्त्रज्ञ, आणि तोच खलपुरुष. कोणी पाहत नाही म्हटल्यावर माणूस किती खाली उतरेल, हा त्यांचा प्रश्न. हिंदी चित्रपटाने ती विद्या उचलली, पण दुष्टावा मात्र नायकाकडून काढून दुसऱ्याच्या पदरात घातला. १९५७ च्या 'मिस्टर एक्स'मध्ये अदृश्य झाले ते अशोककुमार, आणि १९६४ च्या 'मिस्टर एक्स इन बॉम्बे'मध्ये किशोरकुमार. दोघेही आपल्या शेजारच्या खांडव्याच्या गांगुली घराण्यातले, तेव्हा या विद्येवर माळवा-निमाडाचा थोडा हक्क सांगावयास हरकत नाही. 'मिस्टर इंडिया'त तेच अशोककुमार वृद्ध प्राध्यापक झाले आहेत आणि अदृश्य करणाऱ्या यंत्राचे गुपित तरुण अनिल कपूरला सांगत आहेत. तीस वर्षांपूर्वीचा चित्रपट ज्यांनी पाहिला होता, त्यांना त्या प्रसंगी निश्चितच गंमत वाटली असेल.

आता विचार करा. नायक मनगटावरचे यंत्र चालवतो आणि नाहीसा होतो. तांबड्या प्रकाशाखेरीज तो कोणाला दिसत नाही. हवेत तरंगणारी मारुतीची सुवर्णमूर्ती आणि आपोआप हलणाऱ्या वस्तू पीटर परेरा यांनी संगणकाच्या साह्याविना, केवळ कॅमेऱ्याच्या करामतीवर साधल्या. पण प्रेक्षकाच्या डोळ्यांना टेकण्यासाठी एखादा चेहरा लागतो. तो पुरवतो मोगॅम्बो. उंच सिंहासन, भरजरी लष्करी पोशाख, हाताशी पृथ्वीचा गोल आणि त्यावर ताल धरणारी बोटे. तो पोशाख शिवला मूळच्या नागपूरकर माधव अगस्ती यांनी. जगज्जेत्या हुकूमशहाचे कपडे मराठी हाताने बेतलेले आहेत, हे कळल्यावर आमच्या मंडळींना झालेला आनंद अगदीच अकारण नव्हे.

नायकाचे नाव कोणास ठाऊक नाही आणि खलनायक तर उठल्यासुटल्या स्वतःच्याच नावाचा घोष करतो. शकारही असाच, आपण राजाचे मेहुणे आहोत, हे तो समोरच्याला विसरू देत नाही. मोगॅम्बो 'मी' म्हणत नाही. तो तिसऱ्या माणसाबद्दल बोलावे तसा आपल्याबद्दल बोलतो, आणि आपण खूष झाल्याची वर्दी देतो. ते तीन शब्द लिहून दाखवण्याची गरज नाही. वाचकांच्या कानात ते या क्षणी वाजत असतीलच. परीक्षेत बरे गुण मिळाले, पुरणपोळी साधली, बदलीचा हुकूम रद्द झाला, की आमच्या घरांत ते उच्चारले जातात. सलीम-जावेद या जोडीने लिहिलेल्या वाक्यांपैकी इतके घरगुती झालेले दुसरे आम्हांस तरी पटकन आठवत नाही.

पण वाक्याला आवाज लागतो. अमरीश पुरी (१९३२–२००५) यांचा आवाज चित्रपटात घडला नाही, तो रंगभूमीवर घडला. तरुणपणी नायकाच्या चाचणीत ते नापास झाले. नंतर त्यांनी राज्य विमा महामंडळात वीसेक वर्षे नोकरी केली आणि संध्याकाळी नाटके केली. सत्यदेव दुबे यांच्या दिग्दर्शनाखाली ते कसलेले नट झाले, आणि १९७९ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला तोही रंगभूमीसाठी. दुबे यांनी तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'वरून १९७१ मध्ये मराठी चित्रपट केला, त्यात त्यांची लहानशी भूमिका आहे. हंसा वाडकर यांच्या आत्मकथेवरून श्याम बेनेगल यांनी काढलेल्या 'भूमिका'तील विनायक काळे तर विसरता येत नाही. घरातल्या बाईला उंबरठ्याबाहेर पाऊल टाकू न देणारा तो जमीनदार आवाज चढवीतच नाही. काळे यांची भीती वाटते, मोगॅम्बोची वाटत नाही. एकाच नटाने दोन्ही केले. निळू फुले पडद्यावर आले की बायका घाबरत, असे सांगतात. मोगॅम्बोला पाहून मात्र मुले टाळ्या वाजवतात. हा फरक नटाच्या कुवतीचा नाही. दिग्दर्शक शेखर कपूर यांनी मुलांच्या डोळ्यांनी पाहिलेला दुष्ट रंगवला, आणि पुरींनी तो तसाच, कोठेही डोळा न मिचकावता, गंभीरपणे उभा केला. तो स्वतः विनोद करत नाही, म्हणूनच त्याचे हसू येते.

आमच्यातील काही वडीलधाऱ्यांना हे पसंत नव्हते. मुलांनी आदर्श घ्यावा तो रामाचा, आणि ही पोरे रावणाची नक्कल करतात, असा त्यांचा आक्षेप. तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मोगॅम्बोच्या आज्ञेवरून त्याचे सैनिक त्याचा जयजयकार करीत जळत्या द्रावणात उड्या घेतात, तेव्हा चित्रपटगृहात मुले हसत होती हे खरेच आहे. आज्ञापालनाचा तो प्रकार पाहून अंगावर काटा यावयास हवा, आणि मोठेपणी तो येतोही.

परंतु हाच चित्रपट एके ठिकाणी मुलांचे हसणे थांबवतो. नायकाने आसरा दिलेल्या अनाथ मुलांतील चिमुकली टीना खेळण्यात लपवलेल्या स्फोटकाला बळी पडते. इतका वेळ गमतीचा वाटलेला तो बेटावरचा राजा काय करू शकतो, हे तेव्हा कळते. १९८७ च्या आधीच्या काही वर्षांत या देशाने बेवारस वस्तूंतले स्फोट प्रत्यक्ष पाहिले होते. रेल्वेत, बसस्थानकात कोणतीही पडलेली वस्तू उचलू नये अशी ताकीद मुलांना मिळत होती. त्यामुळे ती बाहुली नुसती पटकथेतली राहिली नाही. तो चित्रपट लहानपणी पाहिलेल्या कोणालाही विचारा. मोगॅम्बोचे वाक्य ते हसत म्हणून दाखवतील, आणि टीनाचे नाव काढताच क्षणभर गप्प होतील. शकाराला हसणारा उज्जयिनीचा प्रेक्षकही पुष्पकरंडक उद्यानात असाच गप्प होत असला पाहिजे.

दोघांचा शेवट मात्र निराळा. मोगॅम्बोने भारतावर रोखलेली क्षेपणास्त्रे त्याच्याच बेटावर फुटतात आणि तो त्यांतच संपतो. ते सारे तीन तासांच्या खेळाला शोभेसे आहे. शूद्रकाच्या नाटकात राज्य उलटते, शकार पकडला जातो, आणि उज्जयिनीचे संतप्त नागरिक त्याला ठार करा म्हणून ओरडतात. त्याला कोणती शिक्षा द्यावी, असे चारुदत्ताला विचारले जाते. सुळाच्या वाटेवरून नुकताच परत आलेला तो गरीब ब्राह्मण म्हणतो, सोडून द्या. शकार जिवंत सुटतो.